काकोडकर, कोर्ट आणि कुपाटी

"बाई, थो कादंबरीवाला मानूस जेलात गेल्ता म्हने. खरं का?"

'थो कादंबरीवाला' म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या शेजारच्या काकूंच्या हिशेबी जगात कादंबऱ्या लिहिणारे दोनच जण. एक चंद्रकांत काकोडकर आणि दुसरे बाकी सगळे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या आर्णीत कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणाची सोयाबीन काय भावानं गेली, कोणाच्या पोट्ट्याला मुलगी पसंत नाही, हे काकूंना गावाच्या आधी कळतं. काकोडकरांची बातमी तेवढी त्यांच्यापर्यंत साठ वर्षं उशिरा पोचली होती.

"जेलात नाही काकू, कोर्टात. आणि सुटले."

"सुटले? मंग धरलं काहून होतं?"

मुंगवड्या घालून झाल्या होत्या, कावळे हाकलण्यापलीकडे दोघींनाही काम नव्हतं. मी सांगायला लागले. १९६२ सालचा दिवाळी अंक, नाव 'रंभा'. त्यात काकोडकरांची 'शामा' नावाची कथा. एका गृहस्थांना ती वाचून इतकं वाईट वाटलं की ते थेट मॅजिस्ट्रेटकडे गेले. कलम २९२, अश्लील मजकूर छापल्याचा आरोप. आरोपी म्हणून मासिकवाले आणि लेखक असे सगळे एका ओळीत उभे.

"अंकाचं नावच रंभा," काकू म्हणाल्या. "त्यात का हरिपाठ छापतीन?"

"मॅजिस्ट्रेटनं सोडलं की सगळ्यांना. कथा अश्लील नाही म्हणाला."

"मंग झालं नं."

झालं कुठं? प्रकरण हायकोर्टात गेलं आणि तिथं उलटलं. लेखक आणि प्रकाशक दोघेही दोषी. प्रत्येकी २५ रुपये दंड, आणि त्यांच्या ताब्यात असलेल्या अंकाच्या प्रती नष्ट करायच्या.

"पंचवीस रुपये? अव माय! तवा पंचवीस रुपयांत चांगलं लुगडं येत होतं."

लुगड्याचं खरं असेल. पण पंचवीस रुपयांसाठी दिल्लीपर्यंत कोणी भांडत जात नाही, वकिलाच्या एका तारखेला त्याहून जास्त लागतात. काकोडकर गेले. दंड भरून मोकळं होता आलं असतं, मात्र मग जन्मभर 'अश्लील लेखक' हा शिक्का घेऊन हिंडावं लागलं असतं. आणि ज्याचं घर पुस्तकांवर चालतं, ज्याच्या कादंबऱ्या वाचनालयातून घराघरांत, सासवांच्या नजरेखालून सुनांकडे जातात, त्याला तो शिक्का परवडत नाही. हा माझा अंदाज. काकूंचा अंदाज वेगळा: "मानूस जिद्दी असन. गोव्याकडचा नं? काकोडा गोव्यात हाये, माह्या भाच्यानं सांगितलं."

वेळही बरी नव्हती. १९६४ सालीच सुप्रीम कोर्टानं मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती. त्यानं विकलं काय, तर 'लेडी चॅटर्लीज् लव्हर'. डी. एच. लॉरेन्स हा इंग्रजीचा थोर लेखक, कॉलेजात शिकवतात, त्याच्यावर जाडजूड ग्रंथ आहेत. त्याचं पुस्तक विकणारा हरला. पाच वर्षांनी त्याच कोर्टात दिवाळी अंकातली मराठी प्रेमकथा उभी राहिली, जिचं नाव कुठल्या प्राध्यापकानं वर्गात घेतलं नसतं, आणि ती जिंकली. २५ ऑगस्ट १९६९.

"कशी काय जिंकली?"

"वाचली म्हणून."

काकूंना हे पटलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगावं लागलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती पी. जगनमोहन रेड्डींनी. त्या निकालात 'शामा'चं कथानक दिलेलं आहे. नायक निशिकांत, कवी. त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन बाया, नीला, वनिता आणि शामा. ज्या ज्या उताऱ्यावर बोट ठेवलं होतं, तो तो उतारा काढून, कथेत तो कशासाठी आला, तिथं लेखकाला काय सांगायचं आहे, असा विचार केलेला आहे.

"कवीच्या मागं तीन तीन पोरी?" काकूंनी कपाळावर हात मारला. "इथं नोकरीवाल्याले एक भेटून नाई रायली!"

कोर्टानं कथेची भलामण केली असं नाही हं. उंची साहित्य वगैरे कोणी म्हटलं नाही. पण अभिरुची वेगळी आणि अश्लीलता वेगळी, अशी रेघ ओढली. स्त्रीपुरुष संबंधाचा नुसता उल्लेख आला की मजकूर अश्लील, असं धरलं तर बाजारात धार्मिक पोथ्यांशिवाय काही विकताच येणार नाही, अशा अर्थाचं त्यात आहे. काळ बदलतो तशी समाजाची मोजपट्टीही बदलते, असंही आहे. आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते हे की देशी भाषा इंग्रजीच्या दडपणातून बाहेर येऊन आपले नवे साहित्यिक दंडक घडवत आहेत, असा विचार तिथं 'रंभा'तल्या एका कथेच्या निमित्तानं आला. पुढं १९८५ साली बंगालीतल्या समरेश बसूंची 'प्रजापती' कादंबरी अशीच कोर्टात अडकली आणि सुटली, तेव्हाही हा काकोडकरांचा खटला हाताशी होता. कायद्याच्या पुस्तकांत तो आजही आहे. मराठी साहित्याच्या इतिहासात काकोडकरांना किती जागा मिळाली ते आपण शोधून पाहावं. भिंग लागेल.

माझं म्हणणं एवढंच, आणि ते मी काकूंनाही सांगितलं: ज्या लेखकाला इथल्या टीकाकारांनी न वाचताच बाजूला सारलं, त्याची एक कथा नीट, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, बारकाईनं वाचण्याचं काम शेवटी दिल्लीच्या न्यायाधीशांना करावं लागलं. तेही तेलुगू माणसाला!

"आमी नाई का वाचलं?" काकू फणकारल्या.

त्यांनी वाचलं, हे खरंच. काकूंचं माहेर दिग्रस, लग्न होऊन आर्णीत आल्या. भासरे, म्हणजे थोरले दीर, गावातल्या वाचनालयातून पुस्तकं आणायचे. काकोडकरांचं पुस्तक कधी घरात टेकत नसे, एकीकडून दुसरीकडे फिरतच असायचं. काकू त्याला खाकी कागदाचं कव्हर घालायच्या आणि ज्वारीच्या कोठीमागं ठेवायच्या. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती.

"तिले वाटे, सून हरिविजय वाचून रायली. एक दिवस म्हने, 'मोठ्यानं वाच, मलेही पुन्य लागू दे.' आता काय वाचू? बाई, मी तशीच सुरू केली! नायकाचं नाव बदलून देवाचं घालत होतो. दोन पानं झाली अन् म्हातारी म्हने, 'हा देव लयच रडते व.'"

मग काय झालं विचाराल, तर सासूबाईंनी ओळखलं. रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना त्यांनीच विचारलं, "थ्या पोरीचं मंग काय झालं?" तिथून पुढं काकू रात्री वाचायच्या आणि दिवसा शेतात सांगायच्या. दोन काकऱ्या सोडून पलीकडे वेचणाऱ्या बायका सरकत सरकत जवळ यायच्या. काकूंचं म्हणणं, काकोडकरांची एक कादंबरी एका वेचणीत संपायची. पुस्तकाच्या किती प्रती खपल्या हे प्रकाशकाच्या वहीत असेल, पण कापसाच्या ओळीत बसून ऐकलेल्यांचा हिशेब कोणत्या वहीत सापडणार?

याच १९६९ मध्ये आणखी एक झालं. राज खोसलांचा 'दो रास्ते' आला, तो काकोडकरांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरचा. ऑगस्टमध्ये कोर्टानं सोडलं आणि वर्ष संपायच्या आत राजेश खन्ना आणि मुमताज त्यांच्या गोष्टीत नाचत होते. अशी कलाटणी काकोडकरांनी कादंबरीत घातली असती तर कोणी विश्वास ठेवला नसता.

"थो शिनेमा त्याहीचा होता?" काकू उठूनच उभ्या राहिल्या. "मी कंबलपोष बाबाच्या उर्साले आलेल्या तंबूत पायला! बलराज साहनी बिचारा भावाभावांत मरून रायला, अन् ते बिंदू!"

बिंदूनं केलेली ती घर फोडणारी सून, तिचं नाव सिनेमात नीला. कादंबरी 'नीलांबरी'. कोर्टात गेलेल्या कथेतही एक नीला होतीच. काकोडकरांना हे नाव फारच आवडत असावं, असं मी म्हटलं. काकूंनी लगेच पुढचा धागा ओढला: "कोनी असन बाई खरीखुरी नीला. उगाच नाव सुचत नाई." याला पुरावा शून्य. पण कुपाटीला, म्हणजे कुंपणावरच्या गप्पांना, साक्षीदार लागत नाहीत.

काकूंच्या सुनेनं आतून विचारलं, हे काकोडकर म्हणजे ते डिटेक्टिव्हवाले का? नाही ग बाई, ते बाबूराव अर्णाळकर. झुंजार, काळा पहाड, धनंजय. हजारावर पुस्तकं लिहिली त्यांनी.

"अर्णाळकर म्हंजे आपल्या आर्णीचेच नं?" काकूंच्या डोळ्यांत एकदम चमक आली.

नाही, अर्णाळा वसईकडे, समुद्रावर. आणि खरं आडनाव चव्हाण. काकूंचा विरस झाला. हजार पुस्तकांचा लेखक आर्णीचा निघाला असता तर बसस्टँडवर एखादा फलक लावता आला असता.

मग विषय फडक्यांवर आला. येणारच होता, कारण मराठीत प्रेमकथेचा धंदा शिस्तीत कोणी मांडला तर तो ना. सी. फडक्यांनी. सत्तरावर कादंबऱ्या. पहिली 'अल्ला हो अकबर' १९१७ ची, ती मेरी कोरेलीच्या इंग्रजी कादंबरीवरून बेतलेली. मेरी कोरेली ही विलायतेतली तेव्हाची भलती लोकप्रिय बाई. टीकाकार तिच्या नावानं बोटं मोडायचे आणि लोक तिची पुस्तकं रांगा लावून घ्यायचे. म्हणजे मराठी प्रणयकादंबरीच्या या घराण्याची आजी शोधायला गेलं तर ती लंडनला निघते. १९३१ मध्ये फडक्यांनी 'प्रतिभासाधन' लिहून गोष्ट कशी रचायची, वाचकाला कुठं अडकवायचं, याचं तंत्रच सांगून टाकलं. गुपित असं उघड्यावर टाकणारा धंदेवाईक विरळा. त्यांच्यावर तंत्राचे गुलाम म्हणून टीका झाली, अत्र्यांनी तर त्यांची मनसोक्त टर उडवली. पण १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं आणि १९६२ साली पद्मभूषण.

१९६२! म्हणजे 'रंभा'चा तो दिवाळी अंक निघाला तेच वर्ष. प्रेमाच्या गोष्टी दोघांच्याही. एक पद्मभूषण, दुसरा आरोपी.

"फडके मी वाचले हायेत," काकू म्हणाल्या, "पन त्याहीच्या पोरी टेनिस खेळतेत. आर्णीत टेनिस कोनं पायलं? काकोडकरच्या पोरी सासूशी भांडतेत."

हे वाक्य मी एखाद्या समीक्षेच्या पुस्तकात वाचलं असतं तर खाली रेघ मारली असती. फडक्यांची नायिका कॉलेजात जाणारी, मोटारीतून उतरणारी. तिला पाहून खेड्यातली मुलगी स्वप्नं बघू शकत होती, पण तिच्यात स्वतःला पाहणं कठीण होतं. काकोडकरांनी तेच प्रेम चाळीत, एकत्र कुटुंबात, वाटणीच्या भांडणात आणून बसवलं. भाषा घाईची आहे, योगायोग ढीगभर आहेत, अश्रू तर विचारू नका. हे मीही मान्य करते. पण एका पाठोपाठ एक कादंबरी हाती देणाऱ्या माणसाकडून प्रत्येक वाक्य घासून पुसून मिळायची अपेक्षा का धरावी?

विलायतेतल्या बार्बरा कार्टलंड या बाईंच्या नावावर ७२३ पुस्तकं आहेत. गुलाबी कपडे घालून कोचावर पडायच्या आणि सेक्रेटरीला गोष्ट सांगत सुटायच्या. एका वर्षात २३ कादंबऱ्या केल्या त्यांनी. मिल्स अँड बून ही लंडनची कंपनी १९०८ पासून आहे. तिच्या पुस्तकात पानं साधारण ठरलेली आणि शेवटी लग्न ठरलेलं. वाचणाऱ्या बाईला शेवट ठाऊक असतो, तरी ती वाचते. टीकाकारांना नेमकं हेच कळत नाही. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "शेवट माहीत असला म्हंजे मधात निवांत रडता येते."

सुनेचं वाचन मोबाईलवर चालतं. प्रतिलिपी म्हणून ॲप आहे, २०१४ साली बंगळुरूत निघालं, त्यावर मराठी बायका भागाभागानं कथा लिहितात. आज नायिकेला थप्पड, उद्या पुढचा भाग. खाली वाचणाऱ्यांच्या सूचना, धमक्या, विनवण्या. सुनेनं एका लेखिकेला "सासूला आता मारून टाका" असं लिहिलं होतं, हे तिनं सासूसमोरच सांगितलं. काकू हसल्या. त्या हसण्यात नेमकं काय होतं, ते मला उकललं नाही.

काकूंना मात्र छापील पुस्तकच लागतं. यवतमाळला २०१९ च्या जानेवारीत साहित्य संमेलन भरलं, अरुणा ढेरे अध्यक्ष, उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडेंच्या हस्ते. त्याआधी १९७३ मध्ये गदिमांच्या अध्यक्षतेखाली इथंच झालं होतं. २०१९ ला आम्ही दोघी एसटीनं गेलो. भाषणं काकूंनी ऐकली, उद्घाटनाच्या वेळी डोळे पुसले, मग पुस्तकांच्या गाळ्यांत शिरल्या. एका गाळ्यावर त्यांनी काकोडकर मागितले. पोरानं विचारलं, "अनिल काकोडकर का? अणुऊर्जेवरचं?" काकू त्याला म्हणाल्या, "अनू नाई बाप्पा, प्रेम." पोरगा ओशाळून हसला. पुस्तक काही निघालं नाही.

"बरं थे फडक्यांचं," काकूंनी गाडी वळवली. कुपाटीवर कोणताही विषय शेवटी लग्नावर येतोच. "त्याहीनं दुसरं केल्तं म्हने?"

केलं होतं. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तर्कशास्त्राचे प्राध्यापक, कमल दीक्षित त्यांची विद्यार्थिनी. पहिली पत्नी मनोरमाबाई असताना कमलाबाईंशी लग्न केलं. कोल्हापुरात गदारोळ झाला. तेव्हा कायद्यात अडचण नव्हती. मुंबई इलाख्यात दुसऱ्या लग्नाला बंदी आली ती १९४६ मध्ये. कमलाबाई पुढं स्वतः लेखिका झाल्या. फडक्यांनी १९६९ साली आत्मचरित्र लिहिलं त्याचं नावच 'माझं जीवन : एक कादंबरी'.

"हे कादंबरीतलं सांगून रायल्या का घरचं?"

"घरचं, काकू."

"मंग पह्यलीचं काय?"

मला उत्तर सुचेना. कादंबरी दोघांची असली की तिसऱ्या माणसाचं प्रकरण कोणी लिहीत नाही. काकोडकरांनी मात्र तिथंच हात घातला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. 'अशी तुझी प्रीत' या त्यांच्या कादंबरीवर राज खोसलांनी १९७८ मध्ये 'मैं तुलसी तेरे आंगन की' काढला. ठाकूर म्हणजे विजय आनंद. त्याचं प्रेम तुलसीवर, म्हणजे आशा पारेखवर; लग्न मात्र घरच्यांनी लावलं नूतनशी. तुलसी बायकोला तिची जागा मिळावी म्हणून जीव देते आणि तिचा मुलगा बायकोच्या पदरात येतो. त्या वर्षीचं फिल्मफेअरचं सर्वोत्तम चित्रपटाचं पारितोषिक त्याला, नूतनला सर्वोत्तम अभिनेत्रीचं. दिवाळी अंकातल्या कथेपायी २५ रुपये दंड झालेल्या लेखकाची ही गोष्ट.

"पायला मी थो. दोनदा." काकूंचा आवाज चढला. "नाव तुळशीचं, अन् पोट्टं वाढवलं नूतननं! फोटोले हार तिचा, अन् घरात हिशेब हिचा. हे कोनतं न्यायाचं?"

"पण आई, तुलसीनं जीव दिला ना," सून आतून.

"जीव देनं एका दिवसाचं काम हाये. पोट्टं वाढवनं वीस वर्साचं."

"मग तुमच्या काकोडकरांनी तिचं नाव का नाही दिलं कादंबरीला?"

"कादंबरीचं नाव 'अशी तुझी प्रीत' हाये. त्यात तुळस कुठं हाये? थे शिनेमावाल्याचं काम." काकू माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी यवतमाळले जानार नं गुरवारी? जुन्या पुस्तकाच्या दुकानात पाहा. मले पाह्याचं हाये, पुस्तकातली बायको एवढी चांगली हाये का, का खोसलानं केली. अन् भेटलं नाई तं नागपूरले भाच्याले फोन करा. थो कोर्टातच असते रोज, त्याच्या ओळखी हायेत."